डाग समजून

रेड डियर नदीचा काठ, अडुसष्ट सालचा ऑगस्ट.
मी सव्वीस वर्षांची, गुडघ्यांना गोणपाट बांधलेलं.
प्रोफेसर हॅल्वरसन खांद्यावरून वाकून म्हणाले,
"हाडाशी मतलब, ओरिसिया. बाकी सगळा चिखल."

हाडाशी मतलब.
मी सुई घेतली, मग मऊ ब्रश,
आणि पुढच्या पायाच्या हाडांभोवती
काजळीसारखा जो थर होता, बोटभर रुंद,
तो तीन दिवस खरवडला.
वहीत लिहिलं : डाग. लोखंडाचा असावा.
दगड असा लख्ख झाला
की फोटोत हाडं आणि माझे दात सारखेच चमकतात.

तेव्हा ते प्राणी मंद होते.
थंड रक्ताचे, दलदलीत पोटापर्यंत रुतलेले,
शेपूट फरफटत चालणारे.
आम्ही दालनात तसंच शेपूट जमिनीला टेकवलं.
दोन मणके बसेनात, ते मी कानशीने घासले.
कानस अजून माझ्याकडे आहे.

मग एका रविवारी, दालन बंद असताना,
छताला तार बांधून शेपूट वर उचललं.
रक्त गरम झालं. पाय पळू लागले.
अंडी सापडली, अंड्यांवर बसून राहिलेली आई सापडली.
दर काही वर्षांनी मी माझीच पाटी पुसायचे
आणि वर्गात नवं असं शिकवायचे
जसं काही जुनं भलत्याच कुणी सांगितलं होतं.

शहाण्णव साली चीनमधून फोटो आले.
चिमुकला सांगाडा, मान मागे टाकलेली,
आणि पाठीच्या कडेकडेने
काजळी.

बाहेर पोरं नाचत होती : पिसं! अहो, पिसं!
मी तळघरात गेले. सातव्या क्रमांकाचा खण
नेहमीसारखा अडकला, मग सुटला.
लख्ख दगड. त्यावर माझ्या सुईचे ओरखडे,
किती नेटके, किती एकाग्र.

भिंग फिरवत राहिले, रात्र झाली तरी.
कोपराच्या आतल्या बाजूला, नखाएवढी,
राहून गेलेली.
त्या दिवशी स्वयंपाक्याने तवा बडवला होता,
भूक लागली होती, मी हात झटकून उठले होते.

जुनी वही काढली.
"डाग" वर रेघ मारली.
"लोखंडाचा असावा" वर मारली.
पुढे काय लिहायचं ते येत होतं मला,
तरी पेन उघडंच राहिलं, आणि शाई सुकली.