लाल भांडं

तिलेक, बस.
नाही.
बस रे राजा, येईल आता, शूऽऽ.
नाही येत, तो म्हणतो,
उठतो, तीन पावलं चालतो,
आणि लग्नात आलेल्या शिरदाकवर,
लोकरीत शिवलेल्या मेंढ्याच्या शिंगांवर,
नेम धरून, मन लावून करतो.

आठवा लागलाय मला.
वाकायचं तर आधी भिंत चाचपायची,
मग एक गुडघा, मग दुसरा,
आणि मध्ये हे पोट,
दारात बसून राहिलेल्या पाहुण्यासारखं,
ना आत येत, ना जात.
फडकं पिळते. बाहेर उणे बावीस.
दोरीवर त्याच्या अकरा चड्ड्या
पापडासारख्या ताठ,
नारिन नदीवरून वारा आला की
एकमेकींवर आपटून वाजतात.

साल्किन म्हणते, हिवाळ्यात कुणी सुरू करतं का हे?
उन्हाळ्यात कुरणावर सोडायचा नागडा,
कोकरांबरोबर शिकला असता.
खरंय. पण पोटातलं काही
उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही,
आणि दोन ढुंगणांचे डायपर
कुबात याकुत्स्कहून पाठवतो त्यात भागत नाहीत.
तो रात्री फोनवर विचारतो, आज किती वेळा भांड्यात?
हजेरी घ्यावी तसा.
मी सांगते, तीनदा.
झालेली असते एकदा.
तीही जीप धुवायला बसला होता, तेव्हा चुकून.

रविवारी सासूबाईंनी बेशिक काढला.
रंग उडालेला लाकडी पाळणा, मधोमध भोक,
आणि मेंढीच्या हाडाची ती नळी, शुमोक.
बाळाला बांधून निजवायचं,
नळी जागेवर लावायची,
बाकी सगळं आपोआप खालच्या डब्यात.
शिकायचं नाही, शिकवायचं नाही.
कुणाचं हे? तिलेकनं विचारलं.
तुझं होतं.
आता?
आता बाळाचं.
त्यानं शुमोक उचलली, तोंडात धरली
आणि शिट्टी वाजवली.
सासूबाई हसून हसून खाली बसल्या.
तिला कुठं ठाऊक,
त्या संध्याकाळी तो बेशिकमध्ये शिरून बसला,
पाय गुडघ्यापासून बाहेर,
आणि म्हणाला, बांध मला.

बांधलं नाही.
पण उठवलंही नाही मी लगेच.

रात्र पाचव्यांदा मोडली.
संडास अंगणापलीकडे, चाळीस पावलं, सगळा बर्फ.
एक बूट चढवला, दुसरा शोधत होते,
आणि शिंक आली.

एवढंच. एक शिंक.
मी तशीच उभी,
पायाशी गरम, मग लगेच गार.
चुलीतला निखारा फुटल्याचा आवाज.
वळून पाहिलं तर अंथरुणात उठून बसलेला तिलेक,
डोळे टक्क.
रागावला नाही. हसला नाही.
उतरला, कोपऱ्यातलं लाल भांडं ओढत आणलं,
आतली जीप काढून बाजूला ठेवली.
अपा, बस.
नाही रे, मी म्हटलं, नाही येत आता.
येईल, तो म्हणाला,
माझाच स्वर, माझाच कंटाळा,
येईल, शूऽऽ.

बसले.
भांडं करकरलं, पण टिकलं.
त्यानं माझ्या खांद्याला धरलं होतं,
मी पडू नये म्हणून, का स्वतः, कोण जाणे.
झाल्यावर टाळ्या वाजवल्या त्यानं,
हळू, चोंग अपा झोपलीये म्हणून.
मग पोटाकडे बोट दाखवून विचारलं,
बाळ कुठं करतं?

दवाखान्यातल्या झुरानं सांगितलं होतं मला:
आतच. तिथंच करतं, तेच पितं,
त्यातच पोहतं खुशाल.
हे त्याला कसं सांगू?
दोन महिन्यांच्या मेहनतीवर
अक्षरशः पाणी.
म्हटलं, बाळ अजून शिकतंय.

तो बराच वेळ पोटाला कान लावून होता.
मग पोटाला म्हणाला, शूऽऽ.
आतून एक लाथ बसली, त्याच्याच कानाखाली.

सकाळी शिरदाकचा एक कोपरा ओला होता.
सासूबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं.
आम्ही चहात पाव बुडवत राहिलो.