देणं लागत नाही

कुमुदआत्या गेल्यावर तिच्या कपाटात
टेलिफोन खात्याची एक डायरी निघाली, सत्त्याऐंशी सालची,
आणि तिच्यात देवांचे हिशेब.
मी हिशेबनीस माणूस, म्हणून सगळ्यांनी
ती माझ्याच हातात दिली आणि ताटं वाढायला घेतली.

डावीकडे देऊळ, मध्ये मागणं,
उजवीकडे काय कबूल केलं ते.
फिटलं की शाईपेनाची खूण, लहानशी,
ट्रंक कॉल जोडून देऊन
आपण लाइनवरून बाजूला व्हावं तशी.

तळ्यातला गणपती. भाचा बारावी पास. एकवीस मोदक.
खूण आहे.
मला सत्तेचाळीस टक्के पडले होते,
पण नवसात टक्के लिहिलेले नव्हते
आणि आत्या शब्दाला पक्की.

दगडूशेठ. पुढे फक्त: रस्त्यावरूनच.
सिग्नल सुटेपर्यंत बसच्या खिडकीतून
जेवढं मागून होतं तेवढंच मागत असावी.

पर्वती. गुडघे बरे झाले तर चढून येईन.
खूण नाही.
एका शनिवारी मीच चढलो, एकशेतीन पायऱ्या,
व्यायामाची पोरं मला दोनदा ओलांडून
वर जाऊन खाली आली.
देवदेवेश्वरापुढे टेकलो, म्हणालो,
बरे नाही झाले, तरी हे घ्या.
मग कठड्याशी उभा राहून तिचं एक्स्चेंज शोधलं.
सापडलं नाही. मध्ये फार काचा झाल्यात.

जोगेश्वरी. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं तर ओटी.
पाणी कधीचंच चढलंय, ओटी राहून गेली.
ती भरून बाहेर आलो तर स्कूटर नाही.
पाटी सम तारखेची, तारीख विषम.
टोइंगवाल्याला दंड मोजताना हसू आवरेना:
इतक्या वर्षांचं व्याज
ग्रामदेवतेनं एकरकमी वसूल केलं.

आणि मग ते पान.
चतुःशृंगी. सु. यांची बदली रद्द झाली तर
खण, पाच नारळ.

आईला विचारलं. आई म्हणाली, कोण सु.?
मग म्हणाली, सुटे आहेत का तुझ्याकडे,
खाली भाजीवाला आलाय.

एक्स्चेंजमधल्या होनपबाई आता कोथरूडला, मुलीकडे.
फोनवर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.
लाइन तुटली असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिलो.
मग म्हणाल्या, भुसावळ.
आणि मुलीनं चहाला बोलावलं म्हणून ठेवला.

म्हणजे बदली झालीच.
अट पुरी नाही, नवस लागू नाही,
कुठल्याही नियमानं देणं लागत नाही.
मी चाळीस वर्षं लोकांना हेच समजावून सांगत आलोय,
फी घेऊन.

मंगळवारी गेलो. खण जांभळा घेतला,
दुकानातली बाई म्हणाली हिरवा घ्या, नवसाला हिरवाच,
म्हटलं तिला जांभळा आवडायचा,
बाईला वाटलं मी देवीबद्दल बोलतोय.
पायऱ्यांवर पाच नारळांची पिशवी
गुडघ्याला बडवत राहिली, डाव्या,
आमच्या घरात गुडघे असेच.

गुरुजींनी विचारलं, संकल्प कोणाच्या नावानं?
मी आत्याचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं.
अजून कोणी?
म्हणालो, सु.
ते थांबले, बाकीचं नाव येईल म्हणून.
मागे रांग चुळबुळत होती.
शेवटी त्यांनी तेवढंच म्हटलं,
आणि सवयीनं पुढे जोडून दिलं
सहकुटुंब सहपरिवार.
मी दुरुस्ती केली नाही.

आठवडाभर आमच्याकडे
कोबीत खोबरं, कोशिंबिरीत खोबरं, पोह्यांवर खोबरं.
एवढे नारळ कुठून आले
हे आईनं एकदाही विचारलं नाही.