महिन्यातून दहा मैल

ट्रक विकताना लेम्पीनं पैसे मोजले नाहीत,
अट घातली:
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
पुढची चाकंही जुंपायची.
बर्फ असो नसो. जुलैतसुद्धा.
"आर्वो तसंच करायचा," म्हणाली,
किल्ली माझ्या तळहातावर ठेवली
आणि मूठ माझी तिनंच मिटली.

मी हो म्हटलं.
सौदा जमताना माणूस कशालाही हो म्हणतो.
पुढं दोन वर्षं विसरलो.

सुपीरियर सरोवरावरून येणारं बर्फ
एका रात्रीत दारं बुजवतं आमच्याकडे,
पण पहाटे चारला कुर्ट त्याचा नांगर घेऊन येतो
आणि रस्ता काळा करून जातो.
मागच्या दोन चाकांवर भागतं.
भागतं, म्हणून तर विसरायला होतं.

तिसऱ्या मार्चमध्ये, तांब्याच्या बंद खाणीच्या वाटेवर,
चिखलात, लिव्हर ओढला.
हलेना.
शिवी, लाथ, पुन्हा शिवी.
तीन मैल चालत आलो.
लेम्पीच्या खिडकीत दिवा होता.
तिनं काही विचारलं नाही, कॉफी ओतली.
बुटांकडे मात्र बघितलं.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली आडवा पडून
पुढच्या डिफरन्शियलचा तळाचा बोल्ट सोडला
तर तेल आलं पांढुरकं, ताकासारखं.
पाणी शिरलेलं आत.
सील वाळून चिरलेलं, भेगाळलेल्या टाचेसारखं.
वापरून झिजतं ते कळतं, ते आवाज करतं.
हे नुसतं बसून गेलं होतं,
दोन वर्षं, माझ्या पायांखाली, गुपचूप.

आता पहिल्या रविवारी जातो तेव्हा
ती कोट घालून पायरीवर उभी असते.
डांबर संपेपर्यंत थांबायचं.
कोरड्या डांबरावर चारही चाकं जुंपली
तर वळणावर पुढची मागच्यांशी भांडतात;
प्रत्येकाला आपापलं अंतर कापायचं असतं
आणि सगळ्यांना हुकूम एकच.
खडीवर चालतं.
खडी जरा घसरू देते.

मग खाली उतरून, वाकून, दोन्ही हब हातानं फिरवायचे.
लिव्हर ओढायचा.
खट्.
ती फिनिशमध्ये एक शब्द पुटपुटते.
मी अर्थ विचारलेला नाही.
दहा मैल. महिनाभर कोरड्या राहिलेल्या दातांवर
तेल चढतं.
ऑगस्टमध्ये पर्यटक मागून हॉर्न वाजवतात:
लख्ख उन्हात, सपाट रस्त्यावर,
चार चाकांच्या जोरावर
दोघं म्हातारी तीसच्या वेगानं.

परतताना लिव्हर कधी अडतो.
तेव्हा जोर लावायचा नाही.
सरळ दहा फूट मागं यायचं.
आत साठलेला पीळ सुटतो
आणि तो आपसूक जागेवर येतो.
(हे पहिल्यांदा सांगताना
ती खिडकीबाहेर बघत होती.)

नऊ वर्षं झाली. खरी गरज एकदाच पडली.
टपालवाली नोरीन खड्ड्यात गेली होती व्हॅनसकट.
साखळी लावली, लिव्हर ओढला, चार मिनिटं.
तिनं तिच्या डब्यातली अर्धी पेस्टी दिली,
सलगम भरलेली, अजून कोमट.
लेम्पीला सांगितलं तर म्हणाली,
"बरं. पण रविवार चुकवू नकोस."

या शरदात तेल बदललं.
निघालं ते स्वच्छ, मधाच्या रंगाचं,
नव्यात आणि जुन्यात फरक करता येईना.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून
तिला दाखवायला नेलं.
तिनं बरणी खिडकीशी धरली, उजेडात,
हळूच तिरपी केली, सरळ केली.
कॉफी गार झाली.

बरणी काही परत दिली नाही.