भाऊ_दोन

आमच्या फाइलींत त्याला अजून नाव नाही.
मोठा तो रुद्रक.
त्याचे टी-शर्ट निघाले, पाण्याच्या बाटल्या निघाल्या,
रबाळ्याच्या केकवाल्याने गेल्या मे महिन्यात
त्याच्या आकाराचे सतरा केक विकले.
हा नुसता भाऊ_दोन.

पहिल्या गेममध्ये तो होता,
अगदी शेवटी, खांबाला बांधलेला.
"दादा, आलास?" एवढंच बोलायचा.
तेवढंही लोक बटण दाबून पुढे ढकलायचे.

रुद्रकाचा तिसरा भाग आपटला
तेव्हा वरच्यांना याची आठवण झाली.
याला नायक करा म्हणाले, स्वस्तात.
आणि ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
खाडीकडे पाठ करून बसणाऱ्या मला
तो मिळाला.

आधी कान काढले, मोठे.
भित्र्याला सगळं आधी ऐकू येतं.
मग खांदे, पुढे झुकलेले,
पाहुण्यांसमोर भरलेला ट्रे नेताना होतात तसे.
मग दार.
दारापाशी तो लगेच आत जात नाही.
चौदा सेकंद उभा राहतो.
डावा गुडघा थरथरतो,
तो हाताने दाबून धरतो,
आणि वळून बघतो,
कुणी पाहिलं तर नाही ना.
मग कडी.

"चौदा?" कुरियन सर म्हणाले, "दोन कर.
खेळणाऱ्याला धीर नसतो."
मी म्हटलं, यालाही नाहीये.
ते हसले. चौदा राहिले,
टेस्टिंगपर्यंत.

टेस्टिंगला पॅन्ट्रीतल्या शेवंताबाईंचा नातू आला,
नऊ वर्षांचा, चपला लिफ्टबाहेर काढून.
दारापाशी त्याने बटण दाबलं,
पुन्हा दाबलं,
जोरात दाबलं.
मग कंट्रोलर मांडीवर ठेवून
स्क्रीनला म्हणाला,
"घे दम. मी हाय."

कुरियन सरांनी काहीच लिहून घेतलं नाही.
जाताना मात्र हळूच विचारलं,
"स्वतःवरून घेतलंयस ना हे?"
मी मान हलवली.
हो म्हटलं की प्रश्न संपतात.

सगळ्यांना तसंच वाटणार.
गोठिवलीत आमचं घर पत्त्याने सापडत नाही,
ताईच्या बॅनरवरून सापडतं.
ऊर्मिला मढवी, कबड्डी,
नाक्यावर दोन मजली ताई, मांडी थोपटणारी,
तिच्या पायाशी कुणाकुणाचे जोडलेले हात.
रिक्षावाले सुटे देता देता विचारतात,
"तू तिची धाकटी ना गो? तू काय खेळतेस?"
कॉम्प्युटरवर गेम बनवते म्हटलं
की सुटे नीट मोजून देतात.

पण जिल्ह्याच्या फायनलला, ठाण्यात,
मैदानामागच्या नळापाशी
ताईची वेणी मीच घालत होते.
शिट्टीला पाच मिनिटं.
ती सिमेंटच्या कठड्यावर बसलेली,
आणि तिचा डावा गुडघा,
दोन मजली असणारा तो गुडघा,
कठड्यावर टकटक वाजत होता.
तिने तो हाताने दाबून धरला.
वळून माझ्याकडे बघितलं.
"कुणाला सांगशील तर बघ."
रबर बांधून व्हायच्या आत उठली
आणि पहिल्याच चढाईत
तिघींना बाद करून आली.

दिवाळीत ती घरी होती,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी, हातात माझा गेम.
मी आत कोथिंबीर निवडत होते,
कान मोठे करून.
उड्या ऐकू आल्या, नाणी ऐकू आली,
मग दार आलं असणार.
बटणं थांबली.

मी मोजत होते. चौदा झाले.
चौदाच्या पुढे बरंच मोजलं.
शेवटी कडी वाजली.

"याला नाव का नाही गो ठेवलंस?"
बाहेरून ताई.

देठांची माती झटकत मी म्हटलं,
"सांगू नको म्हणाली होतीस."