खळं लहान पडतंय

बासष्ट टक्क्यांवर थांबायचं.
तीन रात्री, बरोब्बर बासष्ट.
ड्रोन फिरवून आणलेले दोन हजार चारशे फोटो
शिवायचे होते एकाला एक, बांधाला बांध जुळवून,
आणि मशीन धापा टाकत
निळ्या पडद्यावर मान टाकायचं.

साहेब म्हणाले, सत्यशीला,
हार्डडिस्कमधी तर मोप जागा हाय,
मग मेमरी कशाला आणखी?
म्हटलं, सर, ते कोठार झालं.
पोती कितीबी रचा.
पण मळणी खळ्यावर होती ना,
आणि आपलं खळं लहान पडतंय.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला.
"कितीला पडंल खळं?"

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या अडतीवर आमचं ऑफिस.
चैत्रात खाली कांड्या ओतल्या, की वर
टेबलावर, चहावर, पापण्यांवर पिवळं.
मोईननं कॅबिनेटचं झाकण सरकवलं
तर आत हळद लागलेली,
पंख्याला, तारांना, चारी हिरव्या पट्ट्यांना.
"म्याडम, लगीन हाय का ह्याचं?"
ब्लोअर लावला आणि दोघंही शिंकत सुटलो.

आधी प्लग काढ. मग बटण दाबून धर,
उरलीसुरली वीज जाऊ दे निघून.
मग लोखंडाला हात लाव.
इथल्या कोरड्या उन्हात ठिणगी असते अंगात,
आपल्याला कळत नाही,
चिपला कळतं.

मागच्या महिन्यात मी स्वस्तातली मागवली होती.
मशीननं तीनदा पीं केलं, नाही म्हटलं.
ह्याला साधी चालत नाही;
स्वतःच्या चुका स्वतः धरणारी लागते.
मोईन म्हणाला, "असली माणसंबी महागच पडतेत."

आठ पट्ट्या नांदेडहून
त्याच्या डब्याच्या पिशवीत आल्या.
दोन्ही कान उघडायचे, खाच बघायची,
अंगठे दोन टोकांना, आणि जोर.
बोर्ड वाकतो की काय, वाटेस्तोवर जोर.
कट. कट.
पाचवी मी बसवली. माझी कट
जरा बारीक आली.

काळा पडदा.
पंखे एकदा मोठ्यानं ओरडून गप्प.
एक मिनिट. दोन. खाली हमाल कुणाला तरी
सरक, सरक म्हणत होता.
"मोजायलंय ते. पहिल्यांदा येळ घेतं."
मग आकडा आला: एकशे बारा.
एक कमी.
माझी पाचवी.

तर त्यानं खिशातून खोडरबर काढलं,
शाळेतलं, एका कोपऱ्याला चावलेलं,
आणि पट्टीचे सोनेरी दात
हळूहळू घासले.
खोडायच्या वस्तूनं.
मी काही बोलले नाही.
एकशे अठ्ठावीस.

संध्याकाळी लाइट दोनदा गेली,
यूपीएस कण्हला, तगला.
मला माहीत आहे, हिची सगळी आठवण विजेपुरती.
वीज गेली की खळं झाडलेलं,
एक दाणा नाही.
म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करत बसले.
एकसष्ट. बासष्ट.
चहाचा कप हातात तसाच.
त्रेसष्ट.

पहाटे गाव आलं, अख्खं.
पत्रे, गोठे, तुराट्यांचा ढीग,
कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली पांढरी धोतरं,
आणि गिरणीच्या रस्त्यावर एक माणूस,
सायकलीच्या कॅरिअरला दळणाचा डबा,
तीन ठिकाणी.
ड्रोन फेऱ्या मारत होतं, तो चालत होता,
एवढंच झालेलं.
वळणावर एकदा, लिंबाखाली एकदा,
आणि पुलावर अर्धाच, चाकं नसलेला.

नियमानं दोघांना पुसायचं असतं.
पडद्यावरचं खोडरबर उचललं,
बराच वेळ धरून बसले.
गिरणी अजून लांब होती,
तिघांनाही.