मुळावर

मूलच्या सरकारी दवाखान्यात
पहाटे साडेतीनला मी झाले
तेव्हा बाप तलावात होता, कमरेइतक्या पाण्यात,
आणि त्याच्या जाळ्यात, तो सांगायचा,
नुसतं शेवाळ आणि बोटभर मरळ.

जोशीबुवांनी तिसऱ्या दिवशी कागद उघडला.
मूळ नक्षत्र. पहिला चरण.
बापाच्या मुळावर.
मूल गावी, मुळावर मूल,
कंपाउंडर हसला म्हणे.
आमच्या झाडीच्या जिभेला ळ पेलत नाही;
आई म्हणाली, "मूर? मूर म्हंजे का जी, महाराज?"

सत्तावीस दिवस त्याने माझं तोंड बघायचं नाही, असं ठरलं.
तो परसात डोंग्याला डांबर लावत बसायचा.
मी रडले की हात थांबवून ऐकायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी
काशाच्या वाटीत जवसाचं तेल ओतलं,
आत्याने मला त्याच्या खांद्यामागून वर धरलं.
बापाने मला पहिल्यांदा पाहिलं ते असं,
पिवळ्या तेलात, उलटी, थरथरती.
"मासोरीवानी दिसली," म्हणायचा.
धिवराच्या घरात याहून मोठं कौतुक नसतं.

पुढे सोयरिकी यायला लागल्या
तेव्हा पुन्हा तेच नक्षत्र निघालं.
मुळाची पोरगी सासऱ्याला खाते म्हणतात.
मग सासरा आधीच वारलेलं घर शोधलं,
सिंदेवाहीच्या अलीकडे.
सासू म्हणाली, "आमच्याकडं तं खायाले कोनी उरलाच नाई."

त्याआधीचे चैत्र आठवतात.
चारला उठून मी आणि जंगूबाई मडावी मोहाखाली जायचो.
पाला आदल्या दिवशीच जाळलेला,
काळ्या राखेवर फुलं पडायची, टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप टप.
अस्वलासाठी ती मधूनमधून रिकामा डबा वाजवायची.
मी एकदा विचारलं, यातलं मूर कोणतं?
"ते मूर-गीर तुमच्या कागदावरचं.
तो इच्चू हाये. नांगी वर करून बसला, कोनाले काई करत नाई."
आणि ते सात? ऋषी ना?
"खाट हाये म्हातारीची. तीन चोर पाये ओढून रायले.
म्हातारी झोपली का खाट गेली."
तेवढ्यात एक तारा निखळला.
आई अशा वेळी हात जोडायची, कोणीतरी गेलं म्हणून.
मास्तर म्हणायचे, दगड जळतो.
जंगूबाईने नाक मुरडलं:
"चांदनी हगली. चाल, डाली भर."

बाप गेला एकाहत्तराव्या वर्षी,
जेवून, झोपेत, तंबाखूची डबी उशाशी.
दहाव्याला आत्या म्हणाली, "मुरानं नेलाच शेवटी."
मी हसले. लोकांना वाटलं, रडते आहे.
त्यांचंही बरोबर होतं.

लेकीला माहेरी न्यायला जो येतो
त्यालाही मूळच म्हणतात. मूळ आलं, मूळ धाडलं.
मोह पडायला लागला की बाप यायचा सायकलने,
हँडलला पळसाच्या पानात बांधलेले झिंगे,
आणि दारातूनच ओरडायचा, "मूर आला, बाई!"
त्याच्याएवढं त्या शब्दावर कोणी हसलं नसेल.

यंदा मीच आले, एसटीने.

पहाटे तलावाच्या पाळीवर उभी आहे.
पाणी उतरलंय, काठाला चिखल भेगाळलाय.
दक्षिणेकडून विंचू पुरा पाण्यात उतरला आहे,
नांगीच्या टोकाची चांदणी हलते,
पिवळसर, वाटीतल्यासारखी.
मी वाकते.
मागून कोणी धरलेलं नाही.
अंधार आहे अजून, तोंड दिसत नाही.
एक मरळ श्वासासाठी वर येते
आणि सगळं मोडतं.

थांबते मी. जमेल परत.
पलीकडे जंगूबाईचा डबा वाजतो आहे.