तारांकित

क्लीव्हलंडला, सेंट क्लेअर रस्त्याच्या मागे,
भाड्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर
मी एक लेक जुळवत बसले आहे,
हजारेक वर्षांत जिला कुणी हाक मारली नाही.

प्रथमा: *दुत्यी.
(यातला उ इतका आखूड, की म्हणेपर्यंत सरतो.)
डोक्यावरची तारा म्हणजे: पुरावा नाही,
नाती बघून बांधलेला अंदाज.
षष्ठी: *दुत्येरे.
हा र कुठून उपटला?
उपटला नाही, होताच.
प्रथमेत दाराआड उभा राहतो,
कुणाचं, कुणाला असं विचारलं की पुढे येतो.
दुहिता, दुहितरौ, दुहितरः,
लातूरच्या शाळेत घोकलं तेव्हा
कुठं ठाऊक होतं, हिची मावसबहीण
एरी सरोवराकाठी भेटेल.

वरच्या मजल्यावर पाव्ला ओब्लाक, वय अठ्ठ्याऐंशी.
तिची स्लोव्हेनियन तिच्या आईबरोबर बोटीतून आली
आणि तिथंच थांबली.
हची, म्हणते ती, आणि मग हचेरे.
र शाबूत! मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.
आणि संबोधन? हाक कशी मारायची?
"शिट्टी वाजवायची," पाव्ला म्हणाली,
"चार होत्या, नावं कोण घेतो?"
संबोधनाचा रकाना अजून कोरा आहे.

चेक आयांच्या, बल्गेरियन आयांच्या पोरींनी
कधीतरी कंटाळून र प्रथमेतच आणून बसवला.
लपाछपी पुरे.
व्याकरणं असल्या कंटाळ्यातूनच सरळ होतात,
हे मी वर्गात शिकवते.

आमच्यात उलटं. मुलगी, पण मुलीला.
हाक मारायला जावं तर ग पळालेला.

काल रेवा दप्तर फेकत म्हणाली,
"आई, त्या नवीन मुलगीला डबाच नव्हता."
मुलीला, मी म्हणाले. सवयीनं.
"का? ग कुठं गेला?"

तारेचा दुसरा एक अर्थ आहे:
असं कुणी बोलत नाही.
मी पेन्सिल उचलली, *मुलगीला लिहिलं,
थोडा वेळ बघत राहिले,
मग तारा खोडली.

मुलगीला. ऐकलेलं रूप.
क्लीव्हलंड, बुधवार, बोलणारीचं वय आठ.
अर्धा डबा तिनं त्या मुलगीला दिला होता.